नावेची ट्रॉली आणि तुझी भिंत

माय, तुझं सैपाकघर पाडायचं घरात सगळ्यांनी ठरवलं होतं. दोन फुटांसाठी. तू गेल्यावर तिथं चूल पेटली नाही, सैपाक पुढच्या खोलीत गॅसवर होतो, त्यामुळं त्यांचंही चूक नव्हतं. चूक असली तर माझ्या नावेची होती. आता नाव कसली, हे तुला आधी सांगायला पाहिजे. धरणाचं पाणी चढल्यापासून काठावरच्या शेतकऱ्यांनी पाण्यात पाइप सोडलेत. पाइपाच्या टोकाची जाळी शेवाळानं बुजते, मोटार नुसती गरगरते, पाणी ओढत नाही. पाण्यात उतरून ती जाळी वर काढणारा आपल्या मंठ्यात मी एकटा. पोहून किती दिवस करणार? म्हणून पत्र्याची पिपं टोकाला टोक जोडून दोन लांब नळकांडी केली, त्यांच्यावर फळ्यांचा माचा बांधला. वर माणूस उभा राहतो, तीन पायांची घोडी लावून पाइप उचलता येतो, नाव हलत सुद्धा नाही. कुठं शिकलो नाही, कुणाचं पाहून केलं नाही. पिपाचा एकेक जोड साबणाचं पाणी लावून, हवा भरून तपासला. एकाही जोडातून बुडबुडा आला नाही.

पण ही नाव ट्रॉलीवर घालून, जीपमागं, आज या तळ्यावर तर उद्या त्या धरणावर न्यावी लागते, आणि रात्री घरी ठेवावी लागते. काठावर सोडली तर सकाळी पिपं उरत नाहीत. घरी जागा म्हणजे आपली बाजूची बोळ, जिथं तू सरपण रचायचीस. रस्त्याच्या फाटकापासून तुझ्या सैपाकघराच्या भिंतीपर्यंत, तेवढीच. नाव तीत बसते. ट्रॉलीची पुढची, जीपला अडकवायची दांडी हिशोबात धरली की दोन फूट बाहेर येते आणि फाटक लागत नाही.

जालन्याला एमआयडीसीत ट्रॉल्या बनवणारा एक जण आहे, त्याच्याकडं बोळीचं न भिंतीचं माप घेऊन गेल्तो. त्यानं तयार ट्रॉली दाखवली. मोठी चाकं, दोन्ही बाजूंना बाहेर. रस्त्यावर पळायला एक नंबर, पण आपल्या फाटकाच्या मापात बसेना. मग त्यानं दुसरा नमुना काढला, मोठी चाकं दोन नळकांड्यांच्या मधोमध. ती आत येईल, पण दोन चाकांत अंतर किती? हातभर. पहिल्याच वळणाला नाव रस्त्यावर आडवी. मी तसं म्हणालो तर तो हसला.

"भाऊ, तुम्हाला चाक बाहेर नको, आत नको. मंग काय डोक्यावर नेता का?"

"खाली पाहिजे. नळकांड्याच्या खाली. तीनचाकी टेम्पोची बारकी चाकं."

"चिखलात रुततील."

"एका बाजूला दोन-दोन लावू. भार वाटला जातो."

त्यानं मान हलवली. "बरं, लावली. दांडीचं काय? त्यापरीस भिंत पाडा न. एका दुपारचं काम हे."

घरी आलो तर तुझी सून तेच म्हणाली. "अवो, पाडा की. उंदरांशिवाय कोण राह्यतंय तिथं? आणि ती ज्वारीची पत्र्याची कोठी भंगारवाल्याला देऊन टाका, दारातून निघत तर न्हाईच, कापूनच न्यावी लागंल." मी तिला सांगितलं, मागच्या माळवदाचा सगळा भार त्या भिंतीवर आहे, ती काढली तर खोली बसेल. भाराच्या गोष्टीत माझ्यापुढं घरात कुणी बोलत नाही.

कोठीचं नाव निघालं आणि मला ती दुपार दिसायला लागली. मी नुकताच जळक्या मोटारी बांधायच्या दुकानात लागलोय. तू ज्वारी काढायला गेलीयस. मी पत्रा आणलाय, आणि तुझ्या सैपाकघराच्या कोपऱ्यातच बसून, कोपऱ्याच्या मापानं, कोठी करतोय. भिंत जिथं आत जाते तिथं पत्रा आत, जिथं फुगते तिथं बाहेर. रिव्हेट मारत मारत वर चढवली. सुईही मागं जाणार नाही अशी बसली. संध्याकाळी तू आलीस, डोक्यावरचा भारा उतरवला, कोठीवरून हात फिरवलास. मला वाटलं, आता पाठ थोपटशील.

"लई बराबर केलीस बाबा. आता चैतात उन्हाला कशी काढू?"

मी दाराकडं पाहिलं, कोठीकडं पाहिलं. नव्या ज्वारीआधी कोठी अंगणात काढून उन्हात तापवायची, ही आपल्याकडं सगळ्या घरांची रीत. मला ती माहीत होती, दरवर्षी जुन्या कोठीला एका कडेला मीच धरायचो. आणि तरी.

"ठिवायच्या आधी काढायचं पाह्याचं असतं," तू म्हणालीस, आणि चूल पेटवायला बसलीस. एवढंच. मला ते कितीतरी दिवस लागलं.

पुढं दर चैतात तू पदर खोचून वरच्या तोंडातून त्या कोठीत उतरायचीस. लिंबाचा पाला घेऊन आतून पुसायचीस. तुझा आवाज पत्र्यातून घुमत यायचा, "अरे, आरसा धर, उजेड पाड आत!" मी दारात उभा राहून आरशानं ऊन आत पाठवायचो. शेजारच्या काकू हसायच्या. "मामी, तुमच्या लेकानं तुम्हालाच कोठीत घातलं की वो! दुसरी घ्या." आणि आतून तू म्हणायचीस, "घेईन की. पण ह्या कोपऱ्याच्या मापाची गावात हाय का कुठं?" माझ्या तोंडावर तू हे कधी म्हणाली नाहीस. पत्र्याच्या आतून म्हणायचीस.

तर दांडी. आधी मी ती नावेखाली आत सरकणारी ठरवली, चौकोनी पाइपात चौकोनी पाइप. ओढली की लांब, ढकलली की नावेखाली गडप. मधल्या सांध्यात पिन. मनात फार खूश होतो. पिनेचं भोक पाडायला ड्रिल लावलं आणि हात थांबला. नाव बोळीत गेली की दोन्ही अंगाला जेमतेम वीतभर जागा. मधल्या पिनेपाशी कोण जाणार? आत ढकलता येईल. बाहेर ओढता येणार नाही. पुन्हा कोठीच झाली असती माय, चाकं लावलेली. मग पिन फाटकाच्या तोंडाशी आणली, उभ्या उभ्या हात पोचेल अशी. आता एकटा माणूस पिन उपसतो, दांडी ओढतो, जीपला अडकवतो. बारकी चाकं म्हणून जीप हळू न्यावी लागते, मागून मोटरसायकलवाले शिव्या देतात. देऊ देत. परवा जालन्याचा तो ट्रॉलीवाला आपण होऊन पाहायला आला. दोनदा पिन काढून घातली आणि म्हणाला, "हे बिलकुल बराबर केलं भाऊ. पण एवढा कुटाणा कशासाठी? भिंत पाडली असती तर साधी दांडी चालली असती." मी त्याला चहा पाजला आणि सैपाकघरात नेलं नाही. नेलं असतं तर त्यानं वर पाहिलं असतं.

तुला अक्षर ओळखू येत नव्हतं, तेव्हा हा कागद कुठं पाठवायचा प्रश्नच नाही. लिहून झाला की ड्रिलच्या पेटीत टाकतो. एक मात्र सांगायचं राहिलं. त्या भिंतीवर कसलाही भार नाही. माळवदाखाली लोखंडी गर्डर मीच टाकलाय, तू गेल्याच्या पुढच्या वर्षी, आणि तो आडव्या दोन भिंतींवर टेकलाय. तुझी भिंत नुसती उभी आहे, माय. तिला धक्का दिला तर वरचं काहीच हलणार नाही. घरात हे मी कुणाला सांगितलेलं नाही.