पुरुषांना नसलेलं दुखणं

१४ मार्च, शनिवार

प्रिय ताई,

नमस्कार. वाकून करत नाही, त्याचं कारण पुढे येईलच. मी मजेत आहे. लिफ्ट दुरुस्तीची कामं जोरात आहेत, उस्ताद नेहमीसारखे खेकसतात. तुझी चिमणी आता शाळेत जात असेल. तिला माझी पापी दे. मी तिचा कोण, हे तिला काय सांगितलं आहेस, देव जाणे.

आता ऐक. आपण जिंकलो!

पोटातल्या गाठीने मला नाकीनऊ आणले होते. इतकं रक्त जायचं की कंबरेला जॅकेट बांधून लिफ्टच्या खड्ड्यात उतरायचो. कुणी विचारलं तर ग्रीस सांडलं म्हणायचो. डॉक्टर म्हणाल्या, गर्भाशय काढावंच लागेल. विमावाल्यांनी कळवलं, अर्जदार पुरुष, पुरुषाला गर्भाशय नसतं, सबब नामंजूर. हसावं की रडावं! ज्या कागदावर 'पुरुष' लिहून घ्यायला मी खेटे घातले, वैद्यकीय मंडळापुढे कपडे उतरवून उभा राहिलो, तोच कागद आडवा आला.

विमा कचेरीच्या खिडकीवरच्या बाई हळूच म्हणाल्या, "तात्पुरतं पुन्हा 'स्त्री' करून घ्या ना. ऑपरेशन झालं की बदला."

फोनवर तूही तेच म्हणालीस. "जीव मोठा की कागद?" त्यानंतर मी तुझा फोन उचलला नाही. रागाने नाही गं. खोटं कशाला, रागानेच.

कागद न बदलता मी विम्याच्या अपील समितीकडे दाद मागितली. रजा मागताना उस्तादांना सगळं सांगून टाकलं होतं. तरी सुनावणीला एकटाच गेलो. बघतो तर दारात उस्ताद आणि आमच्या शिफ्टमधले सगळे, कामाच्या मळक्या कपड्यांत! समितीच्या अध्यक्षांनी विचारलं, हे सगळे कशाला आलेत? उस्ताद म्हणाले, "हा आमचा माणूस आहे साहेब. दर महिन्याला हप्ता कापता, तेव्हा नाही विचारत त्याच्या पोटात काय आहे ते."

अध्यक्षांनी डॉक्टरांचा अहवाल पुन्हा वाचला. सगळा खर्च मंजूर! माझ्या कागदात काडीचा बदल नाही. आणि यापुढे कुणालाच या कारणाने नकार द्यायचा नाही. बाहेर आल्यावर उस्तादांनी मला मिठी मारली आणि लगेच ओरडले, "चला, कामं पडलीत!" मी भर रस्त्यात ढसाढसा रडलो, आनंदाने.

गुरुवारी ऑपरेशन आहे. भीती वाटते, हे फक्त तुला सांगतोय. तू ये. वॉर्डाच्या दारात विचारतील, कुणाला भेटायचंय. "भावाला" म्हण. जरा मोठ्याने म्हण, मला आत ऐकू येईल असं.

दाराकडे कान लावून असलेला,
तुझा धाकटा