लाल शाईतला भाऊ

दुकानातून,
३ एप्रिल

प्रिय वन्संना वहिनीचा नमस्कार वि. वि.

इकडे सगळे ठीक, म्हणजे मी ठीक, कारण इथं सगळे म्हणजे मीच. भावजींचा गुडघा काय म्हणतो? पुढचं वाचायच्या आधी चहा टाका, मी भांडायला बसलेय. तुमच्याशी नाही, इंग्रजीशी. तुमची पाळी येईलच.

मे महिन्यात पोरगा नातीला घेऊन परदेशातून येतोय. परवा मी त्याला फोन केला तर पोरीनंच उचलला. दहा वर्षांची झाली तरी आपल्या भाषेतलं तिला 'पाणी' आणि 'झोप' एवढंच येतं. तिनं काय विचारावं? आजोबांना मी आवडत नव्हते का, म्हणून. विचारलेलं कळलं मला, पण उत्तर द्यायला तोंडात एक 'नो' सोडून शब्द नाही. मांजर हाकलल्यासारखी नो-नो करत बसले. पोरीनं फोन ठेवून दिला.

पोराला सांगितलं, तर म्हणतो मी समजावीन तिला. काय समजावणार? बाप जाईपर्यंत त्याच्याशी अबोला धरलेला माणूस बापाची बाजू मांडणार! ते काही नाही. मीच सांगणार, माझ्या तोंडानं, तिच्या भाषेत. तुम्ही जन्मभर शाळेत इंग्रजी शिकवलंत, तर आता भावजयीलाही शिकवा. तुम्ही धाडलेलं जुनं पुस्तक मी पंक्चर काढता काढता वाचतेय, पानांवर सोल्युशनचे डाग पडलेत, ओरडू नका.

पण वन्सं, ही भाषा जोडली कुणी? आमच्या सायकलच्या दुकानात असं चाक जोडलं असतं तर ह्यांनी पान्हा फेकून मारला असता. आजोबा गेले, आजी गेली, बस गेली, सगळ्यांना एकच वेंट! बाई गेली की बाप्या, कळायचं कसं? क्रियापदात एवढी कंजुषी आणि माणसांना मात्र दोन-दोन नावं. काही केलं की तो 'ही', त्यालाच काही झालं की 'हिम'. ज्यांना जन्मभर अहो म्हणाले त्यांना नुसतं 'ही' म्हणू? आपलं 'त्याच्यावर', 'तिच्यासाठी' कसं शब्दाचं बोट धरून चालतं. यांचं सुटं, आणि वर पुढे पुढे पळतं. लुक्ड अ‍ॅट म्हणजे बघितलं, लुक्ड आफ्टर म्हणजे सांभाळलं, लुक्ड फॉर म्हणजे शोधलं. चाकातला एक छर्रा बदलला की अख्खी गाडी दुसऱ्या गावाला!

सोबतच्या कागदावर माझी वाक्यं आहेत. ह्यांनी पोरावर आरडाओरडा केला, त्याची बॅग रस्त्यावर फेकली, आणि मग उरलेला जन्म नातीची वाट बघितली. एवढंच सांगायचंय. लाल शाईनं सुधारून लवकर धाडा.

लोभ आहेच, गुणही जरा सढळ हातानं द्या.

तुमची ढ विद्यार्थिनी,
वहिनी

१४ एप्रिल

प्रिय वहिनीस सप्रेम नमस्कार.

गुडघा जागेवर आहे, भावजी जागेवर नाहीत, पत्ते खेळायला गेलेत.

तुझा कागद बघून शाळेतला पहिला तास आठवला. अगं, 'ही' आणि 'हिम' यांत एवढं रागवण्यासारखं काय आहे? क्रियापदाच्या आधी ही, शी, दे, आणि फॉर, अ‍ॅट, टू असले छोटे शब्द आले की त्यांच्या मागे हिम, हर, देम. 'वेटेड फॉर शी' नाही, 'वेटेड फॉर हर'. छोटा शब्द पुढे चालतो, कारण वाट तो दाखवतो, माणूस मागून येतो. आणि क्रियापदाला बाई-बाप्या सारखेच, यात तुला खरं म्हणजे आनंद व्हायला हवा.

सगळं नीट उतरवून पाठवतेय. रोज आरशासमोर म्हण. मी तपासलेल्या वाक्यात इन्स्पेक्टरलाही कधी चूक सापडली नाही.

पोरं आली की कळव. आहे तशीच राहा, म्हणजे मला हसायला मिळेल.

तुझी,
वन्सं

२२ एप्रिल

वन्संना नमस्कार.

प्रिय लिहिणार होते, हात वळला नाही.

आरशासमोर म्हणून बघितलं. मग शेजारच्या औषधवाल्याकडून अर्थ लावून घेतला आणि डोकंच फिरलं. मी लिहिलं होतं, हे पोरावर ओरडले. तुम्ही केलंत 'ही स्पोक टू हिम'. बोलले? ते बोलणं गल्लीच्या टोकाच्या न्हाव्याला ऐकू गेलं होतं, गिऱ्हाईकाचा कान कापायचा राहिला! मी लिहिलं, पोराची बॅग रस्त्यावर फेकली. तुम्ही केलंत 'हिज सन वेंट अब्रॉड'. वा! आणि शेवटी मी न लिहिलेलं एक वाक्य, की त्यांचं सगळ्यांवर प्रेम होतं. औषधवाला म्हणाला, इंग्रजी एकदम शुद्ध आहे. असणारच. खोटं बोलायचं तर शुद्ध बोलावं.

वन्सं, तुम्ही माझं इंग्रजी दुरुस्त करताय की तुमचा भाऊ?

आता तुम्हालाही माहीत नसलेलं सांगते. दुकानाच्या मागच्या खोलीत पोत्याखाली एक छोटी सायकल आहे. नात तीन वर्षांची झाली तेव्हा ह्यांनी जुन्या भागांतून जोडली. दर वर्षी पोराकडून फोटो यायचा. हे बघायचे नाहीत, मान फिरवायचे. मी आत गेले की भिंतीवरचा फोटो काढून दारात उजेडाला न्यायचे, पोरगी बापाच्या कमरेला कुठं लागते ते बघायचे आणि सायकलची सीट तेवढी वर घ्यायचे. कुणाची म्हणून विचारलं तर म्हणायचे, ऑर्डरची आहे, गिऱ्हाईक अजून आलं नाही. फोन वाजला की बाहेर जायचे आणि दाराआड उभे राहायचे.

आता मला सांगा, ओरडणं खोडलंत तर या वाट बघण्यावर पोरगी विश्वास कशी ठेवेल? सगळ्यांवर प्रेम करणारा माणूस तिला एकदाही भेटला का नाही, असं तिनं विचारलं तर तुमच्या लाल शाईत उत्तर आहे?

वहिनी

२ मे

वहिनीस,

तुझं बोलणं झोंबलं. झोंबावं म्हणूनच लिहिलंस.

बाबा गेले तेव्हा दादा सोळा वर्षांचा होता. हात काळे करून त्यानं मला शिकवलं, त्याच इंग्रजीनं मी त्याला तुझ्या नातीसमोर उभा करू, तोंडातून फेस काढणारा, बॅगा फेकणारा? तो उत्तर द्यायला आहे का? नवऱ्याचं काय करायचं ते तू कर. भावाचं मी करणार नाही. पुढचे कागद मला पाठवू नकोस.

सायकलचं मला माहीत नव्हतं. मला तरी सांगायचं होतंस.

वन्सं

१९ मे

प्रिय वन्संना वहिनीचा नमस्कार.

राग अजून आहे, पण सांगायला दुसरं माणूस नाही, म्हणून लिहितेय.

पोरं आली. तिसऱ्या दिवशी नातीला मागच्या खोलीत नेलं आणि सुरू केलं. 'ही शाऊटेड ऑन ही,' म्हणाले मी. पोरीनं हळूच 'अ‍ॅट हिम' असं करून दिलं आणि पुढं सांग म्हणून मान हलवली. बघा! चूक तिनंही काढली, पण वाक्य ठेवलं.

बॅगेचं सांगितलं. दारात पोरगा उभा होता, मला वाटलं आता थांबवतो. नाही थांबवलं. मग 'ही वेटेड फॉर यू' म्हणाले आणि पोतं ओढलं. फोटो, सीट, दार, सगळं हातवाऱ्यांनी केलं, तुमच्या पुस्तकात एवढे शब्द कुठले!

पोरगी बसली. हे गेल्यापासून सीट वर घेणारं कुणी नव्हतं, तिचे गुडघे हँडलला आपटले. तेव्हा तुमचा भाचा, दुकानात पाऊल ठेवणार नाही म्हणून भांडलेला, हत्यारांच्या फळीजवळ गेला आणि न विचारता तेराचा पान्हा काढला. सीट वर घेतली आणि बराच वेळ तो नट पिळत बसला. एवढा पिळायची काही गरज नव्हती. मी दोघांना तिथंच सोडून चहा टाकायला गेले. मी! विश्वास बसतो का?

आता पोरगी रोज गल्लीभर फिरते आणि विचारते, आजोबा लहानपणी कसे होते. मला काय माहीत? मी बघितलं तेव्हा त्यांना मिशा होत्या. मी तुमच्याकडं बोट दाखवलंय.

उत्तर द्या, नाहीतर मी माझ्या इंग्रजीत काहीतरी ठोकून देईन.

तुमची,
वहिनी

२५ मे

प्रिय वहिनीस सप्रेम नमस्कार.

पहिला कागद परत पाठवतेय. तुझी वाक्यं जशी होती तशी लावलीत, फक्त 'अ‍ॅट हिम' केलंय. बाकी लाल खोडाखोड पुसली, शाई माझ्या हाताला लागली.

नातीला हे वाचून दाखव. मला सायकल दादानं शिकवली, तेव्हाचं आहे.

ही रॅन बिहाइंड मी. ही शाऊटेड अ‍ॅट मी ऑल द वे. ही डिड नॉट लेट गो ऑफ द सीट.

माझ्या मागे पळत होता. सगळा रस्ताभर माझ्यावर ओरडत होता. सीट मात्र सोडली नाही.

व्याकरण बरोबर आहे. दुसरी काही चूक दिसली तर या खेपेला तू दुरुस्त कर.

शनिवारी येतेय. भावजींना घेऊन, गुडघ्यासकट.

तुझी,
वन्सं