कारखान्याचा फुटबॉल आणि जुन्या बैलाची चाल

साखर कारखान्याची कॉलनी, राहुरीजवळ
एप्रिल १९७२

तीर्थस्वरूप दाजींच्या पायाशी,

आसारामचा नमस्कार पोचावा. दरवेळी साष्टांग लिहितो, पण यंदा उजवा गुडघा सुजून भोपळ्याएवढा झाला आहे आणि वाकायचे नाव घेत नाही. तेव्हा या खेपेस सात अंगांवर भागवून घ्यावे, आठवे येणे राहिले असे समजावे. तुमचा खोकला कसा आहे? पुष्पाआक्काला विचारतो म्हटले तर ती म्हणेल, काढा रोज देते. देते खरे, पण तुम्ही तो खिडकीतल्या तुळशीला पाजता, हे मी दिवाळीत डोळ्यांनी पाहिले आहे (आणि अजून तरी कोणाला बोललेलो नाही). तुळशीला खोकला नसावा. इकडे आम्ही सगळे धडधाकट आहोत, फक्त सौ. मुक्ता माझ्याशी बोलत नाही आणि चेअरमन आप्पासाहेब जे बोलतात ते ऐकवत नाही.

तुम्ही पलटणीतून निवृत्त होऊन पुण्यात पोरांचा फुटबॉल क्लब काढलात, त्याला कारण होते, तुम्हाला खेळ येत होता. आमच्या कारखान्याला फुटबॉल लागला तो वेगळ्या वाटेने. आप्पासाहेब बऱ्याच वर्षांपूर्वी यंत्रे पाहायला कलकत्त्याला गेले. यंत्रे त्यांच्या मनास आली नाहीत, फुटबॉल आला. परत येताच त्यांनी संघ उभा केला. जो खेळेल त्याला कारखान्यात कायमची नोकरी, सकाळी काम आणि दुपारनंतर मैदान. मी तेव्हापासून काट्यावर उसाच्या गाड्या तोलतो आणि संघात सेंटर फॉरवर्ड आहे. (दोन्हीकडे मी एका जागी उभा असतो, असे मुक्ता म्हणते.) कानिफनाथ गोदामात साखरेची पोती मोजतो आणि गोल राखतो. पोती कधी कमी भरली नाहीत, गोलाचे तसे सांगता येत नाही. श्रीमंत नावाचा आमचा गडी बॅकला आहे. आम्ही सुरुवातीला बरे खेळायचो हो दाजी, तुम्ही स्वतः पाहिले आहे. पण नोकरी कायम म्हणजे संघातली जागाही कायम, असे आम्ही धरून चाललो, आणि चालता चालता चाळिशी मागे पडली. दिवाळीत तुम्ही मला एवढेच विचारलेत, "अजून खेळतोस?" मी तेव्हा दुसरा लाडू घेतला नाही, ते आक्काच्या लक्षात आले असेल.

तीन वर्षांमागे आप्पासाहेबांनी कुमार संघ काढला. कॉलनीतली पोरे आणि ऊसतोडीवाल्यांच्या कोप्यांतली, म्हणजे खोपटांतली, पोरे गोळा केली. त्यांना सकाळी दूध, भिजवलेले हरभरे आणि संध्याकाळी बॉल. शिकवायला मी. त्यातला एक राधाकृष्ण. पाथर्डीकडच्या मनकर्णाचा मुलगा, बाप नाही. मनकर्णा दर हंगामाला कोयता घेऊन येते आणि पट्टा पडला, म्हणजे गाळप संपले, की गावी जाते. हा पोरगा पहिल्यांदा मैदानात आला तो चुलीसाठी आणलेला उसाच्या पाचटाचा भारा डोक्यावर घेऊनच. कोणीतरी बॉल मारला तो त्याच्याकडे गेला, आणि तो भारा न उतरवता बॉल घेऊन पार पलीकडच्या गोलात जाऊन आला. एक पातेही खाली पडले नाही. दाजी, मी इतकी वर्षे या खेळात आहे (खेळात म्हणजे मैदानावर), पण असे पळणे मी पाहिले नव्हते. त्या दिवशी मला रात्री जेवण गोड लागले नाही, म्हणजे फार गोड लागले, काय ते मला सांगता येत नाही.

यंदा आप्पासाहेबांनी जाहीर केले की कुमार संघातली पोरे मोठ्या संघात घ्यायची, आणि नगरच्या शील्डच्या अंतिम सामन्यात जो चमकेल त्याला नोकरी कायम. मनकर्णा काट्यावर आली. गाडीचे वजन होईपर्यंत उभी राहिली आणि मग म्हणाली, "मामा, पोरगं तुमच्या वटीत घातलं. त्याच्या हातात कोयता नगं याया." मी म्हटले, झालेच समज. झालेच समज हे शब्द मी आयुष्यात फार वेळा वापरले आहेत, आता मुक्ताने त्यांना बंदी घातली आहे.

पहिली अडचण पायाची आली. पोरे आपापसात वाघासारखी खेळायची, पण आमच्याविरुद्ध उतरवली की एक विलक्षण प्रकार व्हायचा. पोराचा पाय आमच्या कोणाच्या पायाला लागला, की ते तिथेच थांबायचे, वाकायचे, आमच्या पायाला हात लावून तो छातीला लावायचे आणि मग पुढे पळायचे. मोठ्या माणसाला पाय लागला तर नमस्कार करायचा, हे घरोघर शिकवलेले. आता फुटबॉलात दुसरे काय लागणार? श्रीमंताने यातली मेख लगेच ओळखली. तो मुद्दाम पाय मधे घालायचा, पोरगे वाकले की बॉल घेऊन जायचा. एकदा तर तिघे एकदम वाकलेले होते आणि आम्ही गोल केला. आप्पासाहेब कडेला खुर्चीवर बसले होते, त्यांचे डोळे भरून आले. म्हणाले, असले संस्कार कलकत्त्यालासुद्धा नाहीत.

मग प्रश्न आला की ही पोरे आमच्यात मिसळायची कशी. बैठक बसली. बैठकीत फुटबॉल कळणारे कोणी नव्हते, पण बैल सगळ्यांच्या दावणीला होते. मी आदल्याच शुक्रवारी घोडेगावच्या बाजारात जाऊन एक गोऱ्हा आणला होता, आणि विकणाऱ्या छगनने सांगितले होते की याला एकदम पुढे काढू नका, जुन्या बैलाशेजारी जुंपा, जुना त्याला शिकवतो. मी तेच बैठकीत मांडले. प्रत्येक जुन्या खेळाडूशेजारी एक पोरगे द्या, जोडी लावा. सगळ्यांच्या माना एकदम डोलल्या. आप्पासाहेब तर म्हणाले, आसाराम, हे तुला आधी का सुचले नाही. (मला काही सुचते याचाच मला इतका आनंद झाला की मी पुढचा विचार केला नाही. आमच्या घराण्यात आनंद आणि विचार एका दिवशी येत नाहीत.) पाच जुने, पाच नवे. राधाकृष्ण माझ्या डाव्या हाताला. गोलात गोरक्षनाथ नावाचे पोरगे, आणि गोलात दोघे उभे करता येत नाहीत म्हणून कानिफनाथ जाळीच्या मागे, शिकवायला.

आता शिकले काय ते ऐका. श्रीमंताची चड्डी सैल, म्हणून तो बॉल मारण्याआधी ती वर ओढतो. त्याच्या जोडीच्या पोराची नवीकोरी चड्डी, कंबरेला रुतेल इतकी घट्ट, पण तोही आता आधी चड्डी ओढतो आणि मग मारतो, तोवर बॉल कोणीतरी नेलेला असतो. गोरक्षनाथ गोलाच्या खांबाला टेकून उभा राहू लागला आणि गोल झाला की बॅककडे रागाने बघू लागला. आणि माझा राधाकृष्ण. माझी पद्धत तुम्हाला माहीत आहे, थोडे पळायचे, थोडे चालायचे, आणि चालताना कंबरेवर हात ठेवायचे, म्हणजे पाहणाऱ्याला वाटते माणूस विचार करतोय. संक्रांतीच्या सुमारास एकदा मी वळून पाहिले तर शेजारी तो पोरगा कंबरेवर हात ठेवून चालत होता. दम लागलेला नव्हता. घाम नव्हता. मी चालतो म्हणून तो चालत होता. आप्पासाहेब कडेवरून ओरडले, जोडी जमली. मला ते खटकले, तरी मीही मान डोलावली, कारण त्या दिवशी प्रथमच कोणी माझ्या पुढे पळत नव्हते आणि ते बरे वाटत होते. हे तुम्हालाच लिहितो, दुसऱ्या कोणाला सांगण्यासारखे नाही.

अंतिम सामना नगरला झाला. समोर लष्करातला संघ, सगळे एका मापाचे, ओतून काढल्यासारखे. तरी शेवटपर्यंत बरोबरी होती. कशी होती ते मला विचारू नका, त्यांनीही एकमेकांना विचारले असेल. सामना संपत आला आणि मागून श्रीमंताने (चड्डी न ओढता, देव करो आणि त्याला सदा अशीच घाई होवो) लांब बॉल मारला. त्यांचा गोली पुढे आलेला होता तो घसरून पडला. गोल उघडा. बॉल गडगडत चाललेला, आणि राधाकृष्ण त्याच्या इतका जवळ की नुसता पाय लांब केला असता तरी झाले असते. मी बराच मागे होतो, पण निघालो होतो. त्याने माझ्या धापा ऐकल्या असाव्यात. त्याने मागे पाहिले, आणि दाजी, तो थांबला. दारातून मोठे माणूस येताना आपण अंग चोरून बाजूला होतो ना, तसा बाजूला झाला. मी पोचेपर्यंत त्यांच्या बॅकने बॉल उचलून मारला, तो थेट आमच्या गोलाकडे गेला. तिकडे कानिफनाथ जाळीमागून गोरक्षनाथाला काहीतरी महत्त्वाचे समजावत होता आणि गोरक्षनाथ मान वळवून आदबीने ऐकत होता. गोल झालेला त्याला लोकांच्या आवाजावरून कळला.

मी धापा टाकत राधाकृष्णाला विचारले, का थांबलास. तो म्हणाला, "मामा, तुमी निघाले व्हते ना." त्याच्या आवाजात तक्रार नव्हती. मी निघालो होतो, म्हणजे बॉल माझा होता, यात त्याला सांगण्यासारखे दुसरे काही वाटतच नव्हते.

आप्पासाहेबांनी सगळ्यांसमोर त्याला झापला. पोरे कच्ची आहेत, म्हणाले, यंदा कोणीही कायम नाही, अजून एक हंगाम जुन्यांशेजारी जुंपा. मी तिथेच उभा होतो. पोरगे कच्चे नाही, मी त्याला जून केला, एवढे एक वाक्य बोलायचे होते. त्याऐवजी मी कंबरेवर हात ठेवून उभा राहिलो. दुसऱ्या दिवशी मनकर्णा काट्यावर आली, मला वाटले शिव्या देईल, आणि शिव्या दिल्या असत्या तर मी तिचे पाय धरले असते. ती म्हणाली, "मामा, चुकलं पोराचं. पर मीच शिकवलंय त्याला, मोठ्याच्या म्होरं व्हायचं न्हाई. तुमी राग धरू नका." दाजी, मी इतक्या गाड्या तोलल्या, पण ते वाक्य घेऊन घरी जाताना पाय उचलत नव्हते.

घरी आल्यावर मुक्ताला सांगितले. ती भाकरी थापत होती, तिने हात थांबवला नाही. "गोऱ्हा चालाया शिकला की जुन्याला सोडायचं असतं," म्हणाली, "हे तुमाला ठावं न्हाई व्हय?" ठाऊक होते. बैठकीतल्या प्रत्येकाला ठाऊक होते. नांगराची चार तासे होईपर्यंत जुंपतात आणि जुन्याला सोडून सावलीला बांधतात. जास्त दिवस ठेवला तर गोऱ्ह्याला जुन्याची चाल लागते. सगळ्यांना पुरते ठाऊक असून आम्ही अर्धेच बोललो, कारण सावलीला कोणाला जायचे नव्हते. त्यानंतर मुक्ता बोललेली नाही. पण ताटात लोणचे वाढते, त्यावरून फार रागावलेली नसावी.

पट्टा पडला. पाऊस नव्हता, ऊस नव्हता, यंदा लवकरच पडला. कोप्या मोडायला सुरुवात झाली आहे. राधाकृष्णाला मी परवा बांधावर पाहिले, आईचा कोयता घासून देत होता. घासताना मधेच थांबून कंबरेवर हात ठेवून उभा राहिला. तेवढे पाहून मी परत फिरलो. असो. आक्काला नमस्कार, मुलांना आशीर्वाद. काढा घेत जावा.

तुमचा,
आसाराम

ता. क. : एक सांगायचे राहिले. हे पत्र टपालाने आलेले नाही हे तुमच्या लक्षात आले असेलच. ज्याने आणून दिले तो दारात चपला काढून उभा असेल. तुम्ही म्हणाल तोवर आत येणार नाही, बसा म्हटल्याशिवाय बसणार नाही. त्याला तुमच्या क्लबात घ्या. तुमच्या पोरांत सगळी त्याच्या वयाची आहेत, तिथे त्याला कोणाच्या पाया पडायला नको. मी सांगून पाहिले, पुढे पळ म्हणून. तो हो मामा म्हणतो आणि माझ्या मागे उभा राहतो. तुम्ही सांगा. मनकर्णा गावी जायची थांबली आहे, तुमच्या उत्तराची वाट पाहते.

ता. क. दुसरा : कडक बोलायला लागले तरी बोला, पण भाकरी आधी द्या, स्टँडवरून चालत आला असेल. (पळत नसेल आला, ही सवय माझीच.)

ता. क. तिसरा, आणि हा आक्काला वाचून दाखवू नका : माझ्या गुडघ्याला काहीही झालेले नाही. फडके बांधून लंगडत मी आप्पासाहेबांना सांगून आलो की डॉक्टरांनी खेळ कायमचा बंद केला. मी मैदानात दिसलो असतो तर पुढच्या हंगामात त्यांनी माझ्या डाव्या हाताला दुसरे पोरगे जुंपले असते. ते फार हळहळले, मीही हळहळलो, माझे तर खरेच होते. तेव्हा वर राहिलेले आठवे अंग आता याच पत्रासोबत धाडतो. दाजी, साष्टांग नमस्कार. पोराला पळू द्या.