बूट घालून चढायचं

शुक्रवार, संध्याकाळ

आज पुन्हा तेच केलं! सोलार पॅनल बसवायच्या ट्रेनिंगला शिडी लावली, बेल्ट अडकवला आणि चढायच्या आधी बूट काढून बाजूला ठेवले. इतकी वर्षं गोविंदा पथकात वरच्या थराला चढतेय. बूट घालून कुणाच्या खांद्यावर पाय देणार? चढायचं म्हणजे अनवाणी, हे अंगातच मुरलंय.

सर ओरडले, “दहीहंडी आहे का इथे? पत्रा तापलाय, वायरी पसरल्यात. उद्या परीक्षेत बूट काढलेस तर सरळ नापास!”

सगळी बॅच हसली. मीपण हसले, पण बूट परत घालताना मनात आलं, मॉलमधली नोकरी सोडून आलेय मी, ती काय यासाठी?

घोडपदेवला घरी पोचेपर्यंत डोक्यात ते बूटच. घरात शिरले तर आई म्हणाली, “माळ्यावरचा मोठा टोप काढून दे गं.” स्टूल ओढलं, चढले, टोप काढला. खाली आई कंबरेवर हात ठेवून उभी.

“डोकं फिरलंय का तुझं? घरात बूट?”

बघते तर खरंच. दारात काढलेले बूट मी स्टुलावर चढायला परत घातले होते, चांगल्या नाड्या बांधून.

आईच्या शिव्या खाऊन इतकं बरं कधीच वाटलं नव्हतं.