रस्त्यापलीकडची नर्स

४ मार्च

ती. बाबांस,
शि. सा. न. वि. वि.

आम्ही दोघं दवाखान्यातून घरी आलो. नातवाचं नाक थेट तुमचं आहे, माझा इलाज चालला नाही. हे पहाटेच बेकरीत जातात, मग दिवसभर बाळ आणि मी.

निघताना सांगितलं होतं, बालआरोग्य नर्स घरी येईल, वजन करेल, दूध नीट ओढतो का बघेल. रोज खोली आवरून बसते. कोणी येत नाही. फोन केला तर म्हणाले, आमच्याकडे रस्त्याची समोरची बाजू, तुमची नाही. दुसऱ्या केंद्राला विचारलं तर म्हणे इमारत नवी, यादीत अजून चढलेली नाही. नाही असं कोणीच म्हणत नाही, थांबा म्हणतात.

सगळे म्हणतात, किती शहाणं बाळ, रडतच नाही. मला तेच खटकतंय. दोन घोट घेतो आणि झोपतो. आई असती तर तिला विचारलं असतं. तुम्हाला काय विचारू?

डोळ्याला जपा. माझ्यावरचा लोभ आता दोघांत वाटून द्या.

तुमची,
ठमी

८ मार्च

चि. सौ. ठमीस,
अ. उ. आ.

मला विचारत नाहीस ते बरंच करतेस. शिलाई मशीनच्या आवाजाशिवाय तू झोपत नव्हतीस, एवढंच आठवतं. बाकी खातं तुझ्या आईचं. डोळ्यावर पट्टी म्हणून तुझं पत्र शेजारच्या वहिनींनी वाचून दाखवलं, हेही त्याच लिहितायत. न रडणाऱ्या बाळापाशी त्या वाचताना थांबल्या. म्हणाल्या, असं बाळ आधी दाखवावं.

मी तुमच्या बाजूच्या केंद्राला फोन लावला. बाई गोड बोलल्या, पण तक्रार आईनेच करायची म्हणे. मी आईचा बाप आहे म्हटलं, तर तसा रकाना नाही. ऑपरेशन झालं नसतं तर तिथे जाऊन ठाण मांडलं असतं. तू मात्र वाट बघू नकोस, बाळाला दवाखान्यात ने.

कळवत राहा, एवढीच माया पाठव.

बाबा

१३ मार्च

ती. बाबांस,
शि. सा. न. वि. वि.

तुमचं पत्र आलं तशी दवाखान्यात गेले. खिडकीवरच्या माणसाने ताप आहे का विचारलं. नाही म्हटल्यावर म्हणाला, वजन नर्स घरी येऊन करेल. टाक्यांवर हात धरून परत आले.

परवा समोरच्या लाँड्रीवालीकडे नर्स स्कूटरवरून उतरताना दिसली. तिच्या सुनेला मुलगी झालीय. मी आपल्या बाळाला दुपट्यात गुंडाळलं आणि घरातल्या चपलांवरच रस्ता ओलांडला. नर्स म्हणाली, तुमची बाजू माझ्याकडे नाही, मला परवानगी नाही. भांडायला गेले होते, रडूच आलं. लाँड्रीवालीने इस्त्री बाजूला ठेवली आणि म्हणाली, बाळ आत्ता माझ्या घरात आहे, आणि घर तुमच्याच हद्दीत आहे. नर्सने वजनकाटा उघडला.

कपडे काढून तिने पुन्हा वजन केलं. कपाळावर बोट दाबून उजेडात पाहिलं. कावीळ होती, आणि जन्माच्या वजनापेक्षा बराच उतरला होता. तिने तिथूनच दवाखान्यात फोन केला. या वेळी खिडकीवर कोणी अडवलं नाही. आता त्याला दिव्याखाली ठेवलंय, दूध नळीने देतात. डॉक्टरांनी विचारलं, इतके दिवस काय करत होता. थांबले होते, म्हटलं.

घाईत आहे. नमस्कार.

ठमी

१७ मार्च

चि. सौ. ठमीस,
अ. उ. आ.

वहिनींना पत्र दोनदा वाचायला लावलं. इतका राग तुझी आई गेली तेव्हा आला होता, आणि तेव्हाही तो कोणावर काढायचा ते कळलं नव्हतं. बाळाची खबर टाक, एक ओळही चालेल. त्या दोघी बायांना माझा नमस्कार सांग.

बाबा

२ एप्रिल

ती. बाबांस,
शि. सा. न. वि. वि.

बाळ घरी आहे. भूक लागली की अख्खी इमारत जागी करतो, आणि मला ते गोड वाटतं.

काल आपल्या केंद्राचा फोन आला. वाटलं, आली एकदाची नर्स. तर इमारत आता यादीत आहे, पण बाळाला दुसऱ्या नर्सने तपासल्याची नोंद असल्याने आमची भेट रद्द. पुढचं वजन कोण करणार विचारलं, तर फोनवरच्या बाई विचारून सांगते म्हणाल्या. पलीकडच्या नर्सकडे मात्र वरून खुलासा मागितलाय, हद्दीबाहेरचं बाळ का तपासलं म्हणून. हद्द मी ओलांडली, तिने नाही, असं लिहून दिलंय. उत्तर नाही.

वरच्या मजल्यावरच्या कंडक्टरच्या बायकोचे दिवस भरत आलेत. तिला लाँड्रीवालीकडे नेऊन ओळख करून दिली. तिने विचारलं, पण तोवर आपली नर्स यायला लागेल ना. मी तिला बाळ घेऊन रस्ता कुठून ओलांडायचा, ते दाखवलं.

पट्टी निघाली की या. नातू वाट बघतोय, आणि त्याला थांबवून ठेवायची माझी इच्छा नाही.

तुमची,
ठमी