बाबांचं बटण कुठला बँड पकडतं

भाऊराया,

बाबा पडले. मनगट सुजलंय, एक्स-रे काढायला घेऊन जातेय. तू दार लावून, कानात हेडफोन घालून बसलायस, म्हणून ही चिठ्ठी.

काल तुला स्पीड हवा म्हणून वाय-फायच्या राउटरवर नुसता फाइव्ह गिगाहर्ट्झचा बँड ठेवलास. तुझ्या खोलीत तो वाऱ्यासारखा पळतो, मागच्या खोलीत धड पोचतही नाही. आणि बाबांच्या गळ्यातलं मदतीला बोलवायचं बटण फक्त टू पॉइंट फोरचा बँड पकडतं. त्यांनी ते दाबदाब दाबलं, आपल्यापैकी एकाचाही फोन वाजला नाही. मी घरी येईपर्यंत बाबा अर्धा तास फरशीवरच पडून होते.

आता दोन्ही चालू केलेत. परत हात लावलास तर गाठ माझ्याशी आहे.

हाक का नाही मारली विचारलं, तर म्हणाले, "त्याची मीटिंग चालू होती ना."

ताई