सोललेली कळी

माय, आपल्या जास्वंदीला मी परवा चार माणसांत नेलं. नवीन जालन्यात फुलांचं प्रदर्शन भरलं होतं. मंठ्याच्या घरी तू लावलेल्या झाडाची फांदी मी बँकेत नोकरीला लागले तेव्हा इकडे आणली होती, तिचंच हे झाड. कुंडी मांडीवर घेऊन ऑटोत बसले आणि प्रत्येक गचक्याला त्या बिचाऱ्या ऑटोवाल्यावर खेकसले. स्पर्धेची अट होती, झाडावर एक उमललेलं फूल आणि एक धड कळी पाहिजेच. आपल्या झाडावर नेमकं एक फूल आणि एकच कळी. देवानं अगदी मोजूनमापून दिलेलं.

बियाणं कंपनीच्या सरकीच्या प्लॉटवर तू कामाला जायचीस. उद्या उमलणारी कळी हेरायची, अंगठ्याच्या नखानं पाकळ्या आणि पराग सोलून काढायचे, मधली काडी तेवढी ठेवायची, खुणेला लाल दोरा बांधायचा. सकाळी तिच्यावर दुसऱ्या जातीचं फूल घासायचं, मग बी धरायचं. सुट्टीत मीही यायचे. पोरीचा हात लई जल्दी चालतो, असं बायका म्हणायच्या. ती मिजास मी एकदा घरच्या जास्वंदीवर दाखवली. कापसाची बहीणच ती, कळी तशीच अलगद सुटली. तू माझ्या हातावर फाटकन मारलंस. "जिंदगीभर कळ्याच सोलून राह्यले मी. एवढं एक झाड तरी फुलू दे. कोणी तरी बघंल त्याच्याकडं." एवढ्यासाठी तर मी गेले होते, कुणीतरी बघावं म्हणून.

दुपार कलली आहे आणि पाहुण्यांचे सत्कार संपता संपत नाहीत. जास्वंदीचं फूल एका दिवसाचं, संध्याकाळी मिटणारच. त्याची कड आत वळायला लागलीय. शेजारी एक निवृत्त गुरुजी आहेत, त्यांची पिवळी जास्वंद कळ्यांनी लगडलेली. "ताई, बसा की जरा. दोनच टेबलं राह्यली, येतेत आता परीक्षक." बसवत कुठे होतं! परीक्षक बाई गुलाबापाशी घुटमळतात, हसतात, फोटो काढून घेतात. मी मनातल्या मनात त्यांना पुढे ढकलते आहे. आता एकच टेबल.

"अहो ताई, हे काय करून राह्यल्या?" गुरुजी ओरडले. मी खाली बघितलं. टेबलावर लाल पाकळ्यांचा चुरा, नखाला चिकट रस, आणि फांदीवर सोललेली कळी. अगदी सफाईनं सोललेली, मधल्या काडीला ओरखडासुद्धा नाही.

परीक्षक बाई थांबल्या. फुलाकडे त्यांनी खरंच डोळे भरून बघितलं, माय. मग म्हणाल्या, "फूल फार सुंदर आहे, पण कळी नाही. नियमात बसत नाही." आणि पुढे गेल्या. ही बोटं तोडून टाकावीत असं वाटलं मला. पहिला नंबर गुरुजींच्या झाडाला मिळाला. ते बक्षीस घ्यायला मंचावर गेले आणि त्यांच्या झाडापाशी मी एकटीच उरले.

दुसऱ्या दिवशी सकाळी घरी वाटीतल्या पाण्यात एक पिवळी कळी उमलली होती. बँकेत निघण्याआधी मी ते फूल आपल्या सोललेल्या कळीवर घासलं आणि लाल दोरा बांधला, तू बांधायचीस तसाच. जास्वंदीला बी सहसा धरत नाही म्हणतात. पण तुझ्या हातचं सगळं बी कंपनीच्या पोत्यांत गेलं. हे धरलं तर आपलं असेल.

हे पत्र पाठवायला तुझा पत्ता नाही, म्हणून सांगायला सोपं जातंय. ती पिवळी कळी गुरुजींकडे मागितली असती तर त्यांनी आनंदानं दिली असती. मी मागितली नाही.